भूदृश्यचित्र आणि द्रष्ट्याचे स्थान

मराठीत ज्या चित्रप्रकारास 'निसर्गचित्र' असे नाव रूढ आहे, त्याची चर्चा आजवर बहुधा चित्रात काय आहे ह्या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे. डोंगर आहे की समुद्र, घाट आहे की गल्ली, आणि चित्रकाराने तो कितपत प्रत्ययकारी उतरविला आहे, एवढे ठरले की समीक्षकाचे काम संपले असा समज दिसतो. स्वातंत्र्योत्तर काळात चित्रातून डोंगर आणि समुद्र नाहीसे होऊ लागले, तेव्हा ह्या समीक्षेची पंचाईत झाली आणि तिने एकदम दुसरे टोक गाठले : चित्रात ओळखण्याजोगे काहीच नसेल, तर प्रेक्षकाला जे दिसेल ते खरे. पहिल्या भूमिकेत प्रेक्षकाला काहीच काम नव्हते. दुसरीत त्याच्यावर सारेच काम सोपविण्यात आले. ह्या दोन्ही भूमिकांतून भूदृश्यचित्राचे जे विशेष स्वरूप आहे ते निसटते. आणि ते निसटल्यामुळेच वासुदेव गायतोंडे व सुधीर पटवर्धन हे वरकरणी परस्परांशी कसलेही नाते नसलेले दोन चित्रकार एकाच प्रश्नाशी झुंजले आहेत, हे ध्यानात येत नाही.

प्रथम नावाचा विचार करावयास हवा. 'निसर्गचित्र' हा शब्द चित्रविषयाकडे बोट दाखवितो. निसर्ग आहे, आणि हे त्याचे चित्र आहे, असा त्याचा सरळ अर्थ. 'लँडस्केप' ह्या शब्दाचा इतिहास निराळा आहे. मूळ डच शब्दाचा अर्थ भूप्रदेश असा होता; इंग्रजीत मात्र तो चित्रकारांच्या परिभाषेतून, म्हणजे भूप्रदेशाचे चित्र ह्या अर्थाने शिरला, आणि प्रत्यक्ष दिसणाऱ्या भूभागाला 'लँडस्केप' म्हणण्याची रीत त्यानंतर पडली. चित्र पाहण्याची सवय लागलेल्या डोळ्याला जमीन चित्रासारखी दिसू लागली, असा हा क्रम आहे. 'भूदृश्य' हा शब्द कानाला थोडा कृत्रिम वाटतो खरा. तथापि त्यातील 'दृश्य' हे पद मोलाचे आहे. दृश्य म्हटले की द्रष्टा आलाच. जमीन कोणी पाहो न पाहो, असते. दृश्य तसे नसते. पुढील विवेचनात 'निसर्गचित्र' ऐवजी 'भूदृश्यचित्र' हा शब्द योजला आहे तो एवढ्याचसाठी.

महाराष्ट्रातील शाळांतून वाढलेल्या बहुतेकांनी एक भूदृश्य आयुष्यात केव्हा ना केव्हा काढलेले असते. दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, तेथूनच निघून खाली रुंदावत येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी, एक नारळाचे झाड आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. ह्या चित्राची थट्टा पुष्कळ झाली आहे. कोणत्याही मुलाने ते डोंगर, ती नदी आणि ती झोपडी एकत्र पाहिलेली नसतात, ही तक्रार खरी आहे. परंतु ह्या चित्रात एक गोष्ट अचूक असते. नदी खाली रुंद व वर निमुळती काढताना मुलाने न बोलता एक विधान केलेले असते : पाहणारा येथे, खाली, कागदाच्या ह्या कडेला उभा आहे. झोपडी मात्र तो समोरून, जणू दारात उभा राहून काढतो, आणि पक्षी कोठूनच नाही. स्थलाचे ज्ञान पाठ केलेले, पण द्रष्ट्याचे स्थान अर्धेमुर्धे जाणवलेले, अशी ही अवस्था आहे. भूदृश्यचित्राचा सगळा प्रश्न ह्या अर्ध्यामुर्ध्या जाणिवेत बीजरूपाने आहे.

ह्या जाणिवेचा आधार क्षितिज हा होय. क्षितिज ही जमिनीवरची वस्तू नव्हे. सपाट माळावर अथवा समुद्रकाठी उभ्या राहणाऱ्या माणसाचा डोळा भूमीपासून सुमारे १.६ मीटर उंचीवर असतो, आणि त्याला क्षितिज साडेचार किलोमीटरांवर दिसते. तोच माणूस खाली बसला तर ते चार किलोमीटरांच्या आत येते. तीस मीटर उंचीच्या गच्चीवर गेला तर जवळजवळ वीस किलोमीटर दूर सरते. तथापि ह्या तिन्ही प्रसंगी ते त्याच्या डोळ्यांच्याच पातळीवर राहते. माणूस वर चढला की क्षितिज त्याच्याबरोबर चढते. म्हणून चित्रातील क्षितिजाची रेषा ही दूरच्या कशाची तरी खूण आहे असे वाटत असले, तरी वस्तुतः ती पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची सांगते. चित्रात माणूस काढलेला नसला तरी एक माणूस, त्याच्या उंचीसकट, क्षितिजाच्या रूपाने चित्रात आलेला असतो.

येथे आपल्या साहित्यशास्त्रातील एका जुन्या वादाची आठवण होणे अपरिहार्य आहे. रसप्रक्रियेची मीमांसा करताना श्रीशंकुकाने चित्रतुरगाचा दृष्टान्त योजला. चित्रातील घोड्याकडे पाहून 'हा घोडा' अशी जी प्रतीती होते, ती सम्यक् नव्हे, कारण तेथे घोडा नाही. मिथ्या नव्हे, कारण पाहणारा फसलेला नाही. संशयरूप नव्हे आणि केवळ सादृश्याचीही नव्हे. ती ह्या चारांहून विलक्षण अशी प्रतीती आहे. नटाच्या ठायी होणारी रामाची प्रतीती अशीच असते, हे त्याचे प्रतिपादन अभिनवगुप्ताच्या 'अभिनवभारती'मुळे आपल्यापर्यंत पोचले आहे. अभिनवगुप्ताने आणि त्याचे गुरू भट्टतौत ह्यांनी ते मान्य केले नाही, हेही प्रसिद्ध आहे. त्यांच्या मते चित्रातील शेंदूर वगैरे द्रव्ये गायीच्या अवयवांच्या रचनेसारखी विशिष्ट रचना धारण करतात, आणि म्हणून 'गायीसारखे' असा भास होतो. ह्याहून अधिक काही तेथे घडत नाही.

हा वाद नाट्यापुरता कोणत्या बाजूने सुटतो हा प्रश्न येथे बाजूला ठेवता येईल. लक्षात घ्यावयाची गोष्ट निराळीच आहे. दोन्ही पक्षांचे दृष्टान्त प्राण्यांचे आहेत. घोडा आणि गाय ह्यांना अवयव असतात, त्या अवयवांची ठरलेली रचना असते, आणि ती रचना पाहणारा कोठेही उभा असला तरी बदलत नाही. भूदृश्याला असे अवयव नाहीत. जवळचे आणि दूरचे, वरचे आणि खालचे, अलीकडचे आणि पलीकडचे एवढेच त्याचे घटक असतात, आणि ह्यांतील एकही शब्द पाहणाऱ्याचे स्थान गृहीत धरल्याशिवाय उच्चारता येत नाही. चित्रातील घोड्याचे सादृश्य चित्राबाहेरील घोड्याशी असते. चित्रातील भूदृश्याचे सादृश्य कशाशी असणार? कोणा एकाच्या कोणा एका ठिकाणाहून पाहण्याशी. भूदृश्यचित्र हे वस्तूचे अनुकरण नसून एका दृष्टिस्थानाची स्थापना आहे, असे म्हणावयास हरकत नाही. ह्या चित्रप्रकाराच्या बाबतीत प्रेक्षकाची प्रतीती ही चित्र पूर्ण झाल्यावर बाहेरून येणारी गोष्ट राहत नाही. ती चित्राच्या घडणीतच अंतर्भूत असते. आणि म्हणूनच ती स्वैरही असू शकत नाही.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेतील जलरंगचित्रकारांना हा प्रश्न तात्त्विक रूपात कधी पडला नाही, कारण त्यांच्या कामाच्या पद्धतीनेच तो सोडविलेला होता. जागेवर जायचे, स्टूल टाकून बसायचे आणि ऊन सरकण्यापूर्वी चित्र संपवायचे. चित्रकार जेथे बसला तेथे प्रेक्षक बसणार, हे उघड होते. आबालाल रहिमान ह्यांनी कोल्हापुरात कोटितीर्थाच्या परिसरात वर्षानुवर्षे हेच केले. १९३१ साली त्यांचे निधन झाले तोवर ती जागा त्यांनी किती प्रहरी, किती ऋतूंत पाहिली असेल ह्याची गणती नाही. त्यांच्या चित्रांचा मोठेपणा पाण्याच्या हुबेहूबपणात शोधला जातो. वास्तविक तो एका बैठकीच्या स्थैर्यात आहे. प्रेक्षकाला ते आपली जागा देऊन बाजूला होतात. ह्या परंपरेत पुढे जे शैथिल्य आले त्याचेही कारण हेच होते : जागा तीच राहिली, पण तेथे बसण्याचे कारण विसरले गेले. घाटाच्या पायऱ्या, देवळाचा कळस आणि त्यावर संध्याकाळचे ऊन एवढे मांडले की चित्र झाले, अशी समजूत बळावली. अशी चित्रे आजही मोठ्या संख्येने होतात आणि विकली जातात. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

वासुदेव गायतोंडे ह्यांचा जन्म १९२४ साली नागपूर येथे झाला, आणि १९४८ साली त्यांनी जे. जे. स्कूलची पदविका मिळविली. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणे त्यांना पसंत नव्हते. 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे वस्तुनिरपेक्ष, हा शब्द त्यांनी स्वीकारला होता. रोलर आणि पॅलेट नाइफ ह्यांच्या साहाय्याने रंगाचा थर द्यायचा, काही अंशी तो काढायचा, पुन्हा द्यायचा, कागदाच्या तुकड्यांनी रंग उचलायचा अथवा उमटवायचा, ह्या मंदगती प्रक्रियेतून त्यांची चित्रे सिद्ध होत, आणि वर्षाकाठी ती मोजकीच होत. त्यांत वस्तू नाही. तरीही त्यांच्यासमोर उभा राहणारा प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या एकच उद्गार काढीत आला आहे : हा समुद्र आहे, हे धुके आहे, ही पहाट आहे.

ह्या उद्गाराचे काय करावयाचे, ह्याबाबत समीक्षकांनी दोन मार्ग चोखाळले. काहींनी तो चरित्राच्या आधारे समर्थनीय ठरविला. गायतोंडे मुंबईत वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये काम करीत, समुद्र जवळच होता, म्हणून समुद्र चित्रात आला, असा हा युक्तिवाद आहे. तो टिकणारा नाही. १९७२ साली गायतोंडे दिल्लीस राहावयास गेले, आणि २००१ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. दिल्लीस समुद्र नाही. तरी दिल्लीत केलेल्या चित्रांतही प्रेक्षकांना तो दिसतच राहिला. दुसऱ्या पक्षाने हा उद्गार अडाणीपणाचा म्हणून झिडकारला. चित्रकार वस्तुनिरपेक्ष म्हणतो आहे, आणि प्रेक्षक समुद्र शोधतो आहे, तेव्हा प्रेक्षक चुकला. पदव्युत्तर वर्गात हीच भूमिका सामान्यतः शिकविली जाते, आणि विद्यार्थी आपल्याला समुद्र दिसला हे लपवू लागतात. त्यांनी तो लपवू नये.

ह्या दुसऱ्या पक्षाला मराठीत बा. सी. मर्ढेकर ह्यांच्या सौंदर्यविचाराचा भक्कम आधार मिळू शकतो. कलाकृती ही संवेदनांची लयबद्ध रचना आहे, आणि संवाद, विरोध व समतोल ह्या लयतत्त्वांनी ती बांधली जाते, हे त्यांचे प्रतिपादन. रंगाचा रंगाशी असलेला संबंध तेवढा कलात्मक; त्या रंगांनी समुद्र आठविला तर तो लौकिक अर्थ, कलेच्या दृष्टीने उपरा. हा विचार स्वच्छ आहे आणि मराठी समीक्षेला त्याने शिस्त लावली, हे नाकारता येणार नाही. परंतु गायतोंडे ह्यांच्या चित्राच्या बाबतीत त्याची एक साधी परीक्षा घेता येते. चित्र मनाने उलटे टांगून पाहावे. प्रत्येक रंगाचे शेजारच्या रंगाशी असलेले नाते तेच राहते. जेथे संवाद होता तेथे संवाद, जेथे विरोध होता तेथे विरोध. समतोलही, केवळ अंतरांचा हिशेब केला तर, ढळत नाही. आणि तरीही चित्र तेच राहत नाही. जो फिकट विस्तार वर असताना मोकळा आणि दूरचा वाटत होता तो खाली आल्यावर पोकळ वाटतो. जो गडद पट्टा खाली असताना आधार होता तो वर गेल्यावर ओझे होतो. हा फरक कोठून आला? रंगांच्या परस्परसंबंधांतून नव्हे. ज्याचे पाय जमिनीवर आहेत, ज्याच्या डोक्यावर प्रकाश असतो आणि पायाखाली भार असतो, अशा पाहणाऱ्याच्या देहातून तो आला आहे. 'वर' आणि 'खाली' ह्याही संवेदनाच आहेत असे म्हणून मर्ढेकरांचा पक्ष सावरता येईल. मात्र मग त्या संवेदनांबरोबर भूमी, आकाश आणि त्यांच्यामध्ये उभा असलेला माणूस हे सारेच चित्रात प्रवेश करते, आणि लौकिक म्हणून ज्याला बाहेर ठेवावयाचे होते ते दाराच्या आत येऊन बसते.

म्हणजे गायतोंडे ह्यांच्या चित्रात समुद्र पाहणारा प्रेक्षक चुकलेला नाही. त्याची प्रतीती शंकुकाच्या चारही कोटींत बसत नाही. तेथे समुद्र आहे असे तो मानीत नाही, फसत नाही, साशंक नाही, आणि अमुक एका समुद्राशी साम्यही तो जुळवीत नाही. त्याला जे जाणवते ते एवढेच की आपण कशाच्या तरी काठावर उभे आहोत. ह्या जाणिवेला भाषेत नाव नाही, म्हणून तो हाताशी असलेला 'समुद्र' हा शब्द वापरतो. त्याची चूक असलीच तर ती नाव देण्यात नसून नाव दिल्यावर थांबण्यात आहे. गायतोंडे ह्यांनी भूदृश्यातून भूमी काढून टाकली, झाडे-घरे काढून टाकली, आणि भूदृश्याला भूदृश्यपण देणारी जी एकच गोष्ट, पाहणाऱ्याचे उभे राहणे, ती तेवढी शिल्लक ठेवली.

त्यांच्या चित्रांच्या आकारात झालेला बदल ह्या दृष्टीने पाहिला पाहिजे. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातील कित्येक चित्रे आडवी आहेत, आणि त्यांत मध्यावर एक पट्टा, त्याच्या आसपास जमलेल्या खुणा, अशी योजना आढळते. तेथे प्रेक्षक सहजच क्षितिज वाचतो. त्या दशकाच्या अखेरीपासून चित्रे प्रायः उभी होत गेली. सत्तर इंच उंच व चाळीस इंच रुंद ह्या मापाची अनेक चित्रे त्यांनी केली. सत्तर इंच म्हणजे पाच फूट दहा इंच. उंचशा माणसाची उंची. आडव्या चित्रापुढे प्रेक्षकाची नजर डावी-उजवीकडे विहार करते, जसा किनाऱ्यावर करते. उभ्या चित्रापुढे तिला ती सवलत मिळत नाही. दृश्य पाहणारा माणूस आता आपल्याएवढ्याच कशाच्या तरी समोर उभा राहतो. येथे भूदृश्य जवळजवळ संपते, आणि केवळ सामोरे जाणे उरते. अमेरिकेतील वास्तव्य आणि झेन विचारांची ओढ ह्यांनी ह्या बदलाचे स्पष्टीकरण करण्याची प्रथा आहे. त्यात तथ्य असेलही; परंतु मापाचा विचार न करता केलेले असे स्पष्टीकरण हवेतच राहते.

ह्याच कारणामुळे ही चित्रे पुस्तकातून अथवा पडद्यावरून शिकविण्यात मोठाच धोका आहे. सत्तर इंचांचे चित्र छापील पानावर सहा-सात इंचांचे होते. मग ते समोर उभे न राहता हातात मावते, आणि हातात मावणारी गोष्ट खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यासारखी भासते. माणसाला एका वेळी स्पष्ट दिसणारे क्षेत्र फारच लहान, सुमारे दोन अंशांचे असते. बाकीचे डोळा फिरवून गोळा करावे लागते. लहान छायाचित्रात हे गोळा करण्याचे काम क्षणात संपते. मूळ चित्रापुढे ते संपत नाही, कारण थराखालचा थर डोळा जवळ गेल्यावर वेगळा आणि मागे सरल्यावर वेगळा दिसतो. मुंबईतील विद्यार्थ्यांना तरी ह्याला सबब नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात गायतोंडे ह्यांची चित्रे आहेत.

राम कुमार ह्यांचा उल्लेख येथे करावयास हवा, तो मुख्यतः एका वेगळ्या प्रयत्नाचे उदाहरण म्हणून. १९६० च्या सुमारास ते हुसेन ह्यांच्यासमवेत बनारसला गेले, आणि तोवर माणसे रंगविणाऱ्या ह्या चित्रकाराच्या चित्रांतून माणसे निघून गेली. एकमेकांना चिकटलेली घरे, खाली काळसर पाणी, आकाशाला जागा अपुरी. प्रेक्षक कोठे उभा आहे? घाटावर नाही, घाट तर समोर आहे. तो पाण्यावर आहे, नावेत असल्यासारखा, आणि शहरात उतरण्याची वाट त्याला सापडत नाही. ही चित्रे थोर आहेत. नंतरच्या दशकांत त्यांनी प्रेक्षकाला आणखी वर नेले, इतके की जमीन विमानातून दिसावी तशी रंगांच्या तिरप्या पट्ट्यांची झाली. त्यांतील कित्येक चित्रे मनोहर आहेत; पण ती मनोहरच आहेत. एवढ्या उंचीवरून कोणालाच कशाची बोच लागत नाही. अकबर पदमसी ह्यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या 'मेटास्केप' मालिकेत सूर्य आणि चंद्र एकाच आकाशात ठेवले. 'शाकुंतला'च्या नांदीत कालाचे नियमन करणाऱ्या त्या दोघांचा जो निर्देश आहे, त्यातून ही कल्पना स्फुरल्याचे प्रसिद्ध आहे. प्रेक्षकाचे स्थलातील स्थान तेथे कायम राहते, कालातील स्थान मात्र काढून घेतले जाते. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

सुधीर पटवर्धन ह्यांच्याकडे वळताना असे वाटते की आता प्रश्नच बदलला. त्यांच्या चित्रांत सारे काही ओळखता येते. ठाणे, उल्हासनगर, लोअर परळ, रेल्वेचे पूल, नाले, चाळी, अर्धवट बांधलेल्या इमारती. १९४९ साली पुण्यात जन्मलेले हे चित्रकार वैद्यकाची पदवी घेऊन ठाण्यास क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत होते, आणि ह्या व्यवसायामुळे त्यांना शहराच्या आतले दिसते, असे वाक्य त्यांच्यावरील लेखांत हटकून येते. हे रूपक आता सोडून द्यावे. क्ष-किरण आरपार जातात. पटवर्धनांची नजर पृष्ठभागावर थांबते, आणि तेच तिचे बळ आहे.

त्यांच्या मोठ्या नगरदृश्यांपुढे उभे राहिल्यावर पहिला अनुभव ओळखीचा आणि दुसरा अस्वस्थतेचा येतो. खालचा रस्ता वरून पाहिल्यासारखा आहे. त्यावरील माणसे मात्र समोरून, जवळजवळ त्यांच्याच उंचीवरून दिसतात. एका बाजूची इमारत डावीकडून पाहिलेली, तिच्या शेजारची उजवीकडून. क्षितिज बरेच वर सरकलेले, त्यामुळे शहर समोर पसरण्याऐवजी अंगावर चढत येते. हे सारे सांधे इतके बेमालूम असतात की ते प्रथम दिसत नाहीत. एवढेच जाणवते की उभे राहण्यास एक जागा सापडत नाही. शाळकरी मुलाच्या चित्रात झोपडी एका ठिकाणाहून आणि नदी दुसऱ्या ठिकाणाहून दिसते ती अजाणता. येथे ती विसंगती जाणून, मोजून, शहराच्या आकाराची केलेली आहे.

अशा बहुदृष्टिस्थान रचनेला पूर्वेतिहास आहे. सिएना येथील नगरसभागृहाच्या भिंतीवर अंब्रोजिओ लोरेन्झेत्ती ह्याने १३३८-३९ मध्ये सुशासित नगराचे जे चित्र काढले, ते एकाच ठिकाणाहून पाहिलेले नाही. अठराव्या शतकातील उदयपूरच्या दरबारी चित्रांत राजवाड्याची अंगणे वरून आणि माणसे बाजूने दिसतात. तथापि ह्या दोन्ही ठिकाणी अनेक दृष्टिस्थानांना एकत्र बांधणारी सत्ता चित्रातच उपस्थित आहे. सिएनाचे नगर सुशासनाच्या कल्पनेने बांधलेले आहे; उदयपूरच्या चित्रात महाराणा एकाच चित्रात दोन-तीन ठिकाणी दिसतो, आणि जेथे तो असेल तेथून दृश्याला अर्थ येतो. पटवर्धनांच्या चित्रात असा बांधणारा कोणी नाही. दृष्टिस्थाने अनेक आहेत, आणि त्यांतील प्रत्येक कोणाची तरी आहे : पुलावरून जाणाऱ्याची, गच्चीवर उभ्या असलेल्याची, नाल्याकाठी राहणाऱ्याची. ती एकमेकांत मिसळत नाहीत.

'लोअर परळ' हे २००१ सालचे चित्र ह्या दृष्टीने विशेष चिंतनीय आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मिटलाच नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी अन्य उपयोगासाठी खुल्या होण्याचा मार्ग मोकळा केला, आणि २००१ मध्ये त्या नियमात झालेल्या बदलाने तो अधिकच रुंद झाला. चित्रात गिरण्यांचा जुना परिसर आणि त्यातून वर उठणारे नवे बांधकाम एकाच वेळी आहे. दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात एवढे सांगणे पुरेसे नाही. छायाचित्रातही त्या दिसल्या असत्या. त्या कोठून दिसतात हे विचारले पाहिजे.

मुंबईत उंची ही विकत घेण्याची गोष्ट आहे. क्षितिज माणसाबरोबर वर चढते, हा वर सांगितलेला साधा भौमितिक नियम ह्या शहरात दरमहाच्या हप्त्यांच्या भाषेत बोलतो. चाळीच्या तळमजल्यावरून क्षितिज दिसतच नाही. तिसाव्या मजल्यावरून अरबी समुद्रापर्यंतचा सारा देखावा आपल्या मालकीचा वाटू लागतो, आणि जाहिराती तो तसाच विकतात. लोअर परळचे विस्तृत दर्शन घडविणारा चित्रकार ह्या पेचातून कसा सुटणार? विस्तार दाखवावयाचा तर वर जाणे भाग. आणि वर जावे तर ज्यांनी गिरण्या पाडून मनोरे बांधले त्यांच्याच जागी प्रेक्षकाला उभे करावे लागते. पटवर्धनांनी उंची घेतली, पण ती सलग ठेवली नाही. नजर वरून सुरू होते आणि रस्त्याशी येताच माणसाच्या उंचीवर उतरते. तेथून परत वर जावयास तिला सरळ वाट मिळत नाही. एकसंध देखाव्याचे सुख प्रेक्षकाला नाकारणे ही येथे रचनेची करामत नसून तिच्यामागे न्यायाची जाण आहे. त्यांच्या काही नगरदृश्यांत ही नजर उतरता उतरता माणसांच्या चेहऱ्यांवर फार लवकर पोचते, आणि चेहरे मग शहराचे प्रतिनिधी असल्यासारखे गंभीर होतात. तेथे चित्र थोडे भाषण करू लागते. 'लोअर परळ'मध्ये तसे होत नाही, कारण तेथे कोणालाही प्रतिनिधी होण्यास उसंत नाही.

गायतोंडे ह्यांनी दृश्यातील वस्तू काढून द्रष्टा ठेवला. पटवर्धनांनी वस्तू साऱ्या ठेवल्या आणि द्रष्ट्याची एकसंधता काढून घेतली. पहिल्याच्या चित्रापुढे 'हे काय आहे' हा प्रश्न निरर्थक होतो, दुसऱ्याच्या चित्रापुढे त्याचे उत्तर पहिल्याच क्षणी मिळून जाते, आणि दोन्हीकडे प्रेक्षक त्याच जागी येऊन ठेपतो जेथे त्याला स्वतःच्या पायाखाली पाहावे लागते. अमूर्त आणि वास्तववादी हे आपले नेहमीचे वर्गीकरण ह्या ठिकाणी काही कामाचे नाही. ज्या चित्रात प्रेक्षकाला कोठे उभे केले आहे हे चित्रकाराने ठरविलेच नाही, ते चित्र ह्या दोहोंपैकी कोणत्याही वर्गात असो, केवळ रंगीत पृष्ठभाग अथवा केवळ स्थळाची नोंद राहते. आणि अलीकडच्या प्रदर्शनांत दोन्ही तऱ्हांची अशी चित्रे विपुल आढळतात.

'लोअर परळ'बाबत एक गोष्ट काळाने वाढविली आहे. २००१ साली हे चित्र पाहणाऱ्या मुंबईकराला त्यातील जुने आणि नवे दोन्ही खिडकीबाहेर पडताळून पाहता येत होते. आज त्या परिसरातील बहुतेक गिरण्या उरलेल्या नाहीत. कोठे एखादे धुराडे शोभेसाठी राखलेले दिसते. चित्रातील ज्या जागांवरून चित्रकाराने शहर पाहिले त्यांतील काही जागाही आता उभ्या राहण्याजोग्या नाहीत. विशीतला विद्यार्थी हे चित्र पाहतो तेव्हा त्याला त्यातले मनोरे ओळखता येतात आणि गिरण्या ओळखता येत नाहीत. म्हणजे चित्रातील एका दृष्टिस्थानावर तो सहज उभा राहतो, आणि दुसऱ्यावर उभे राहण्यासाठी त्याला कोणाला तरी विचारावे लागते.